स्क्रू कशात बसणार?

ऑपरेशनची तारीख ठरली होती आणि हाडांची तपासणी झालेली नव्हती. भिवंडी–कल्याण रस्त्यावरच्या कोन गावातल्या एका घरातला वाद एवढ्यावरून पेटला.

आजींचं वय ७२. कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकला आहे, मधली चकती झिजून गेली आहे, नसांच्या वाटेला जागाच उरलेली नाही. पन्नासएक पावलं चाललं की दोन्ही पाय भरून येतात. मग कुणाच्या तरी ओट्यावर टेकायचं, पुढे वाकून बसायचं आणि कळ उतरली की पुन्हा निघायचं. सर्जननी सांगितलं आहे की नसा मोकळ्या करू आणि चार स्क्रू, दोन सळ्या टाकून दोन्ही मणके एकमेकांना जोडून टाकू. आजींचा मुलगा भिवंडीच्या पॉवरलूम कारखान्यांत फिटर आहे. माग बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. नात मुंबईत हाडांच्या विभागात निवासी डॉक्टर आहे. ती मामाला अरेतुरे करते, तो तिला 'बाय' म्हणतो. आमच्या आगरी घरांत असंच असतं. मी शेजारची. त्या दोघांचं बोलणं इथे मांडते आहे, कारण हा वाद एका घरापुरता नाही. तो आणखी कितीतरी घरांत व्हायला हवा आणि होत नाही.

मामा : तारीख मिळायला दीड महिना गेला, बाय. योजनेची मंजुरी आली. आता तू म्हणतेस थांबा. आईला बघतेस ना? गल्लीच्या तोंडापर्यंत जाताना तिला दोनदा बसावं लागतं.

भाची : थांबा असं मी अजून म्हटलेलं नाही. मी फक्त विचारलं, डेक्सा केली का? हाडांची घनता मोजतात ती तपासणी.

मामा : एक्स-रे झाला, एमआरआय झाला, रक्त, लघवी, ईसीजी, सगळं झालं. अजून किती तपासण्या?

भाची : एमआरआयमध्ये नसा दिसल्या, चकती दिसली. स्क्रू ज्या हाडात जाणार ते किती भरीव आहे, हे कुणी मोजलंच नाही. साध्या एक्स-रेवर ते कळायला उशीर होतो. हाडातलं तीसेक टक्के खनिज निघून गेलं की मग कुठे एक्स-रे फिका दिसायला लागतो.

मामा : स्क्रू टायटॅनियमचा आहे. मी हातात घेऊन बघितला. तसला स्क्रू तुटत नाही.

भाची : तुटणार नाहीच. सैल होईल. मामा, माग बसवताना तू काय बघतोस? बोल्ट बघतोस की खालचं काँक्रीट?

मामा : काँक्रीट. पण ते कच्चं निघालं म्हणून मी माग परत पाठवत नाही. जाड बोल्ट घेतो, लांब घेतो, भोकात सिमेंट ओतून बसवतो. तुमच्याकडेही काहीतरी तोड असेलच ना?

तोड आहे, आणि मामा बोलला त्याच्या फारशी वेगळी नाही. पण त्याआधी मणक्याच्या आत काय चालतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं बोलणं अधांतरी राहील.

मणक्याला बाहेरून पातळ, कठीण कवच असतं आणि आत हाडाच्या बारीक काड्यांची जाळी. स्क्रू पाठीकडून जातो. मणक्याच्या मागच्या बाजूला उजवीकडे-डावीकडे हाडाचे दोन आखूड खांब असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. त्यांच्यातून शिरून स्क्रू पुढच्या मोठ्या भागात पोहोचतो. त्याची सुमारे ६० टक्के पकड या खांबात असते, उरलेली पुढच्या जाळीत. ठिसूळपणा आला की या जाळीतल्या आडव्या काड्या आधी झिजतात. आडवा आधार गेला की उभ्या काड्या भाराखाली वाकतात आणि मोडतात. स्क्रूच्या आट्यांना धरायला मग उरतं ते विरळ हाड. माणूस उठतो, बसतो, अंथरुणात कूस बदलतो. दर वेळी स्क्रू केसभर हलतो. चांगलं हाड ते सोसतं. ठिसूळ हाडात भोक थोडं थोडं रुंद होत जातं. काही महिन्यांनी एक्स-रेवर स्क्रूभोवती काळी कडा दिसायला लागते आणि पेशंट सांगतो, आधीसारखंच दुखतंय.

सैल होणं हा एकच धोका नाही. चकतीच्या जागी, दोन मणक्यांच्या मध्ये बसवलेला पिंजरा (केज) मऊ हाडात खाली रुततो आणि मिळवलेली उंची जाते. शिवाय जोडलेला भाग ताठ होतो, त्याच्या लगेच वरचा मणका मात्र तसाच ठिसूळ राहतो. दोहोंच्या सीमेवर सगळा ताण येतो आणि तो वरचा मणका दबून मोडतो. मग आधीपेक्षा मोठं ऑपरेशन करावं लागतं, तेही आधीपेक्षा अशक्त माणसावर.

भाची : तोड आहे. स्क्रू जाड घेतात, लांब घेतात. भोक मुद्दाम जरा अरुंद पाडतात, म्हणजे आटे दाबून बसतात. दोनऐवजी तीन-चार मणके धरतात, म्हणजे भार वाटला जातो. स्क्रूची वाट बदलून तो कठीण कवचाला धरून नेतात. आणि तू म्हणालास तसं सिमेंटही भरतात. सांधे बदलताना वापरतात तेच हाडाचं सिमेंट, पोकळ आणि बाजूला भोकं असलेल्या स्क्रूमधून आत सोडतात.

मामा : मग झालं तर. सिमेंट भरा.

भाची : सिमेंटनं पकड वाढते, ते खरं. पण ते पातळ असताना आत ढकलतात. कधी शिरेत शिरून फुप्फुसापर्यंत जातं, कधी नसांच्या बाजूला झिरपतं. पुढे जंतुसंसर्ग झाला आणि स्क्रू काढायची वेळ आली तर फार कठीण जातं. जास्त मणके धरायचे म्हणजे चीर मोठी, रक्त जास्त, भूल लांबते. ७२ वर्षांच्या बाईला यातलं काहीच फुकट मिळत नाही. आणि सगळं करून एक गोष्ट राहतेच. सिमेंट स्क्रूला धरतं, पण दोन मणके एकमेकांना जोडत नाही. जोडायचं काम हाडाचं.

मामा : म्हणजे? सळ्या जोडतात ना?

भाची : सळ्या फक्त हलू देत नाहीत. आत हाडाचे तुकडे भरतात, ते रुजतात, दोन मणक्यांचं एक हाड होतं. त्याला सहा महिने, आठ महिने, कधी वर्ष लागतं. तोवर धातूनं तग धरायचा. हाड जुळलं तर पुढे त्या स्क्रूवर फारसा भारच येत नाही. हाड जुळलंच नाही, तर कसलाही स्क्रू कधीतरी हार मानतो.

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. धातू वेळ मिळवून देतो, जोडणी हाड करतं. इतिहासही हेच सांगतो. मणके जोडायची शस्त्रक्रिया १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी या दोघांनी स्वतंत्रपणे सुरू केली. अल्बीनं नडगीच्या हाडाची पट्टी घेऊन क्षयानं पोखरलेल्या मणक्यांवर बसवली. एकही स्क्रू नव्हता. पेशंट प्लॅस्टरमध्ये महिनोन्महिने पडून राहायचे आणि हाड जुळायचं. पोलिओनं कणा वाकलेल्या मुलांसाठी टेक्सासमध्ये पॉल हॅरिंग्टननं सळ्या काढल्या आणि १९६२ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली. पॅरिसच्या रेमंड रॉय-कामीनं पेडिकलमधून स्क्रू टाकायला सुरुवात केली ती १९६३ मध्ये. म्हणजे स्क्रू या शस्त्रक्रियेच्या पन्नास वर्षं मागून आला. तो आला म्हणून पेशंट दुसऱ्या दिवशी उभा राहू लागला, आणि हा उपकार लहान नाही. पण स्क्रू दिसतो, हातात घेता येतो, बिलात लिहिला जातो. हाड यातल्या कशातच येत नाही.

आपल्याकडे चकती काढून तिथे हाड भरून मणके जोडायची पद्धत रुजवण्यात गोव्याचे डॉ. प्रेमानंद रामाणी यांचं नाव पुढे आहे. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यांनी मेंदू आणि मणक्यांच्या शस्त्रक्रियेचं काम उभं केलं. त्यांच्या आयुष्यावर 'ताठ कणा' हा मराठी सिनेमाही आला. मामा त्याच नावाचा आधार घेऊन बोलला.

मामा : रामाणी डॉक्टरांनी किती लोकांना उभं केलं! सगळ्यांची आधी हाडं मोजली होती का?

भाची : चांगल्या सर्जनचं पेशंट निवडण्यातच अर्धं कसब असतं, मामा. आणि तेव्हा पेशंट तरुण असायचे. आता साठी-सत्तरी ओलांडलेल्या बायका टेबलावर येतात. चाळिशीतल्या माणसाचं हाड आणि आजीचं हाड यांना एकच माप लावून कसं चालेल?

मामा : आईचं हाड कच्चं आहे हे तू न मोजताच ठरवलंस.

भाची : ठरवलं नाही, संशय आहे. सांगते का. आजीची गर्भपिशवी कितव्या वर्षी काढली?

मामा : मी सातवीत होतो. म्हणजे ती छत्तीस-सदतीसची असेल. अंगावरून जायचं फार, म्हणून काढली.

भाची : बरोबर बीजकोशही काढले?

मामा : ते कुणाला ठाऊक!

कुणालाच ठाऊक नसतं. कागद हरवलेला असतो आणि त्या वेळी कुणी समजावून सांगितलेलं नसतं. बीजकोश गेले की इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं, आणि बाईच्या हाडांची राखण ते इस्ट्रोजेनच करत असतं. पाळी वेळेवर गेली तरी पुढच्या पाच-सात वर्षांत हाड झपाट्यानं उतरतं, वीस टक्क्यांपर्यंत. ज्यांची पाळी पस्तिशीत बंद केली जाते त्यांच्या हाडांच्या वाट्याला ही उतरण दहा-पंधरा वर्षं आधी येते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तेरा हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढल्याचं पाहणीत निघालं. त्यातल्या कित्येक अजून चाळिशीत आहेत. ज्यांचे बीजकोशही गेले असतील, त्यांच्या कंबरा वीस वर्षांनी काय सांगतील याचा हिशोब आज कुणी ठेवतो आहे असं मला दिसत नाही, आणि त्याची मला काळजी वाटते.

भाची : दुसरं, आजी अजून मशेरी लावते.

मामा : ती तिच्या आईपासून लावते. त्याचा मणक्याशी काय संबंध?

भाची : तंबाखूच ना ती. निकोटिन हाड जुळण्याच्या आड येतं. सिगारेट ओढणाऱ्यांचे मणके कमी जुळतात हे खूप वेळा दिसलं आहे. मशेरीतूनही निकोटिन रक्तात जातंच. तिसरं, दम्यासाठी तिनं कितीतरी वर्षं त्या बारीक गोळ्या घेतल्या, स्टेरॉइड. त्यानं हाड पोखरतं. आणि चौथं तर तुझ्या डोळ्यांसमोर आहे. लग्नातल्या फोटोत आजी तुझ्या कानाला लागत होती. आता खांद्याला लागत नाही.

मामा : म्हातारपणी माणूस वाकतोच.

इथे मला थांबावंसं वाटतं. म्हातारपणी पाठीला बाक येतो हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की त्यामागचं मोडलेलं हाड दिसेनासं झालं आहे. ठिसूळपणानं मणका दबतो तेव्हा पडावं लागत नाही. हंडा उचलताना, खोकताना, खड्ड्यातून रिक्षा उसळताना तो पाचरीसारखा चेपतो. अशा तीन मोडींपैकी जेमतेम एक डॉक्टरपर्यंत पोहोचते, बाकीच्या कंबरदुखीच्या मलमाखाली जिरून जातात. भिवंडी–कल्याण रस्त्यावर राहणाऱ्याला खड्डे नवे नाहीत.  आजीच्या पिढीतल्या बायकांनी भाताची लावणी वाकून केली, टोपल्या डोक्यावर वाहिल्या. तेव्हा त्यांची हाडं कामानं पक्की राहिली. पुढे शेतांच्या जागी गोदामं आली, काम सुटलं, ऊन सुटलं. ताटात तांदळाची भाकरी राहिली, आणि तांदळात कॅल्शियम नावापुरतं. पाळी गेलेल्या बाईला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. शंभर ग्रॅम नाचणीतून साडेतीनशेच्या आसपास मिळतं, पेलाभर दुधातून अडीचशे. सालासकट खाल्ली जाणारी सुकट यात फार मोलाची आहे आणि ती आमच्या घरांत असते. पण दात गेले की तीही ताटातून जाते.

मामा : बरं. समज, हाड कच्चंच निघालं. पुढे काय? ऑपरेशन करायचंच नाही?

भाची : तीन वाटा आहेत. एक, नसा मोकळ्या करायच्या आणि स्क्रू टाकायचेच नाहीत.

मामा : मणका सरकलेला असताना?

भाची : त्याच प्रश्नावर जगभर भांडण आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये एकाच मोठ्या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनचा अभ्यास २४७ पेशंटचा. निम्म्यांच्या नुसत्या नसा मोकळ्या केल्या, निम्म्यांचे मणकेही जोडले. दोन वर्षांनी बघितलं, पाच वर्षांनी बघितलं, फरक नाही. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, ६६ पेशंटचा, सगळ्यांचा मणका सरकलेला. तिथे जोडलेल्यांची तब्येत थोडी बरी राहिली. चार वर्षांत पुन्हा ऑपरेशन लागलं ते जोडलेल्यांपैकी १४ टक्क्यांना आणि न जोडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना.

मामा : चौतीस! म्हणजे तिघांतला एक परत टेबलावर. आणि तू ही वाट सांगतेस?

भाची : पूर्ण ऐक. स्वीडनमध्ये पुन्हा ऑपरेशन दोन्हीकडे सारखंच लागलं, पाचातल्या एकाला. मग २०२१ मध्ये नॉर्वेचा अभ्यास आला, २६७ पेशंट, सगळ्यांचा मणका सरकलेला. दोन्ही गटांत दहातल्या सातांना चांगला फरक पडला. नुसत्या नसा मोकळ्या केलेले कुठे मागे राहिले नाहीत.

मामा : त्यांच्यातल्या किती जणींची हाडं आईसारखी होती?

भाचीनं याला लगेच उत्तर दिलं नाही. प्रश्न खरा आहे. या अभ्यासांनी सरकलेल्या मणक्याचं उत्तर शोधलं, ठिसूळ मणक्याचं नाही. पण त्यातून एवढं निघतं की स्क्रू टाकणं ही प्रत्येक सरकलेल्या मणक्याची सक्ती नाही. पुढे-मागे वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका फार हलत असेल, तर नुसतं हाड खरवडून नसा मोकळ्या केल्यानं तो आणखी सुटेल. तिथे जोडणं भाग आहे. हलत नसेल आणि हाड ठिसूळ असेल, तर लहान ऑपरेशनचं पारडं जड होतं. डॉक्टरांनी हा हिशोब पेशंटसमोर मांडायला हवा. पण हाड मोजलेलंच नसेल, तर मांडायचं काय?

भाची : दुसरी वाट, आधी हाडावर काम करायचं आणि मग स्क्रू. टेरिपॅराटाइड नावाचं इंजेक्शन आहे, रोज पोटाच्या कातडीत घ्यायचं. बाकीची बरीच औषधं हाडाची झीज थांबवतात, हे नवं हाड बनवतं. जपानमध्ये चिबा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी ५७ बायकांवर अभ्यास करून २०१२ मध्ये छापला. सगळ्यांची पाळी गेलेली, हाडं ठिसूळ, मणका सरकलेला, म्हणजे अगदी आजीसारख्या. इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ८२ टक्के जणींचं हाड जुळलं, झीज थांबवणाऱ्या गोळ्या घेतलेल्यांत ६८ टक्के. जुळायला वेळही कमी लागला, दहा महिन्यांऐवजी आठ. इंजेक्शन त्यांनी ऑपरेशनच्या दोन महिने आधीपासून दिलं होतं. पुढच्या अभ्यासात स्क्रूही कमी सैल झाले.

मामा : सत्तावन्न बायकांवर तू आईला दोन-तीन महिने पायऱ्यांवर बसवून ठेवणार? बाय, ती चालत नाही म्हणून घरात बसते. घरात बसून हाड वाढतं का? तूच म्हणालीस, काम सुटलं आणि हाड उतरलं. आणि नस जास्त दिवस दाबली गेली तर परत येते का?

मामाचं हे बोलणं मला टाळता येत नाही. थांबणं ही सुरक्षित गोष्ट आहे असं डॉक्टरांच्या बाजूनं फार सहज म्हटलं जातं. घरात बसलेल्या म्हातारीचं हाड आणखी झिजतं, स्नायू गळतात, तोल जातो, ती पडते आणि खुबा मोडतो. खर्चाचंही तेच. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना दाखल होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. महिनोन्महिने घरी घ्यायच्या इंजेक्शनचे हजारो रुपये खिशातूनच जायचे, आणि फिटरच्या खिशाला ते परवडतील की नाही हे ठरवणं मुंबईत बसून होत नाही. ज्या व्यवस्थेत स्क्रू सरकारी पैशातून मिळतो आणि स्क्रूला धरणारं हाड घडवायचं औषध मिळत नाही, तिच्यात मामासारखा माणूस स्क्रूच्या बाजूनं उभा राहणार, यात त्याचा काहीही दोष नाही.

भाची : म्हणूनच म्हणते, आधी मोज. चांगलं निघालं तर ठरलेल्या तारखेला कर, मी हूं की चूं करणार नाही. डेक्साचा टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याच्याही खाली गेला, तर ती ठिसूळता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलेली रेघ आहे ती. आणि नुसत्या कमरेची डेक्सा करून येऊ नकोस. म्हातारपणी कमरेत हाडाची टोकं वाढतात, ती घनता खोटी फुगवून दाखवतात. खुबा मोजायला सांग, जमलं तर मनगट. ऑपरेशनसाठी सीटी स्कॅन काढला असेल तर त्यातूनही अंदाज येतो, वेगळा पैसा लागत नाही. कमरेच्या पहिल्या मणक्याचा घनतेचा आकडा ११० च्या खाली असला तर संशय दाट. रक्तात डी जीवनसत्त्व बघायला सांग. ते २० च्या खाली असेल तर आधी ते भरून काढायचं. ऑपरेशनच्या पुढ्यात हे सगळं चिल्लर आहे.

मामा : आणि मधल्या काळात पाय गेला तर?

भाची : तर थांबायचं नाही. पाऊल उचलेनासं झालं, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, तर त्याच रात्री उचलून न्यायचं. तेव्हा हाड कसं का असेना. सिमेंट भरून, चार मणके धरून, जे करावं लागेल ते करायचं. ती तिसरी वाट. या बाबतीत तुझ्यात-माझ्यात भांडण नाही.

मी मनानं भाचीच्या बाजूची आहे, पण मामानं घेतलेल्या एका हरकतीसकट. हाड मोजल्याशिवाय स्क्रूची तारीख देऊ नये, पन्नाशी ओलांडलेल्या कुठल्याही बाईला. मात्र मोजल्यावर थांबायचं ठरलं, तर त्या थांबण्यातही रोजचं काम हवं. काठी घेऊन थोडं थोडं चालणं, फिजिओथेरपी, दुखण्यावर इंजेक्शन, मशेरी बंद, घरातली ओली फरशी आणि सुटा गालिचा यांचा बंदोबस्त. नुसतं 'तीन महिन्यांनी या' म्हणून घरी पाठवणं म्हणजे उपचार नव्हे. आणि ऑपरेशन झाल्यावर तर हाडाचं औषध सोडणं हा सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. टेरिपॅराटाइड सहसा दोन वर्षांच्या वर देत नाहीत, आणि ते थांबवल्यावर झीज रोखणारं दुसरं औषध सुरू केलं नाही तर कमावलेलं हाड परत जातं. डेनोसुमॅब या सहामाही इंजेक्शनचं त्याहून अवघड आहे. पुढची सुई चुकली तर झीज उसळून येते आणि एकाच वेळी कित्येक मणके मोडलेले दिसले आहेत. टाके सुकले, बाई चालायला लागली की घर आणि डॉक्टर दोघंही हाड विसरतात. स्क्रू मात्र त्याच हाडात बसलेला असतो.

इतका वेळ आजी आतल्या खोलीतून ऐकत होत्या. दोघांनी त्यांना काही विचारलं नव्हतं, मीही नाही. त्या दाराला धरून बाहेर आल्या आणि नातीकडे बघून म्हणाल्या, "मना आता चालवत नाय गो." मग हळूहळू सांगितलं की त्यांना लांब कुठे जायचं नाही. नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्यावरच्या देवीला स्वतःच्या पायांनी चढून जायचं आहे, आणि न्हाणीघरात कुणाचा हात नको आहे. दुखणं थोडं राहिलं तरी चालेल, दुसऱ्यांदा मात्र पोट-पाठ फाडून घ्यायची नाही.

हे ऐकल्यावर वादाचा सूर बदलला. पहिल्याच ऑपरेशनमध्ये काम निभावलं पाहिजे, अशी आजींची अट असेल तर हाड मोजणं मामाच्याही गरजेचं झालं. आणि नवरात्र गाठायचं असेल तर भाचीला तीन महिन्यांचे सहा करता येणार नव्हते.

मामा : उद्याच कल्याणला नेतो. खुबा आणि मनगट, बरोबर? पण तारीख मी रद्द करणार नाही. रिपोर्ट घेऊन सर्जनकडे जाऊ, तू फोनवर बोल त्यांच्याशी.

भाची : बोलते. वाकवून काढलेले एक्स-रे आहेत का तेही विचारते. स्क्रूशिवाय जमण्यासारखं असेल तर त्यांच्या तोंडून ऐकू.

मामा : आणि ते रोजचं इंजेक्शन लिहून दिलं तर? मी पाळीवर असतो, तू मुंबईत.

भाची : सकाळी पाळीवर जायच्या आधी तूच द्यायचं. पेनासारखं असतं, मी शिकवून जाईन. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जागा कर, ते गोठून चालत नाही.